घरून लिहून आणलेला निबंध

शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर आनंदीचं नाव आलं तेव्हा मी एका ब्लाउजच्या बाहीला अस्तर लावत होते. फोन वाजायला लागला तो थांबेचना. तालुक्यातल्या सगळ्या शाळांमधून निवडलेल्या निबंधांत आमच्या जामसंड्याची आनंदी, इयत्ता चौथी, सगळ्यात वर. खाली फुलांची, टाळ्यांची, जोडलेल्या हातांची चित्रं. शेजारच्या अक्षयाने तर फटाके उडवले होते. मी फोन उपडा घातला आणि मशीनवर तशीच बसून राहिले. दुसरी कुठली आई असती तर पेढे आणायला धावली असती. मी नाही धावले.

कारण त्या निबंधातली एकही ओळ आनंदीची नव्हती.

असेल तरी कशी? 'विपुल वनश्रीने नटलेले, सागराच्या कुशीत विसावलेले माझे गाव' असं चौथीतली पोर लिहील का? आमची आनंदी गावाबद्दल बोलायला लागली की आधी वांदरांबद्दल बोलते. निबंध लिहिला होता विश्वेशने, माझ्या नवऱ्याने. (नवऱ्याला मी नावाने हाक मारते, सासऱ्यांना ते अजून खटकतं, पण आता त्यांनी नाद सोडलाय.) विश्वेश ऑफिसात कारकून आहे. अर्ज, खुलासे, निरोपसमारंभाची भाषणं, सगळं गाव त्याच्याकडून लिहून नेतं, आणि त्यालाही ते आवडतं. एका रविवारी तो मांडी ठोकून बसला आणि त्याने निबंध सांगितला. आनंदीने सुरेख अक्षरात उतरून काढला. मी दोघांना चहा दिला. खोटं कशाला बोलू?

आणि ह्यात आम्ही काही जगावेगळं केलं नव्हतं. 'घरून लिहून आणा' असं शाळेने सांगितलं की तो आईबापांनी लिहायचा, हे आमच्याकडे सगळ्यांनाच ठाऊक. अक्षयाने तिच्या संचिताचा निबंध स्वतः लिहिला होता, आणि शेवटी सुविचार कुठला टाकू, हे मला विचारायला आली होती. संचिताचाही नंबर आला होता, पण खालचा. तिच्याकडे कोणी निरखून बघणार नव्हतं, म्हणून अक्षया फटाके उडवू शकत होती.

त्या संदेशाच्या तळाशी लिहिलं होतं: अंतिम फेरी मराठी भाषा दिनाला, देवगडात, सागरबिंदू वाचनालयाच्या हॉलमध्ये. विषय तिथेच मिळेल. मुलांनी तिथेच बसून लिहायचं आणि मग सगळ्यांसमोर उभं राहून वाचायचं.

आनंदीला शाळेतच कळलं होतं. ती आली, दप्तर ठेवलं, हातपाय धुतले, आणि माझ्या मशीनजवळ येऊन उभी राहिली. चेहरा असा की जणू हिला कोणीतरी मारलंय.

"आई, माका लिवक येणा नाय," ती म्हणाली. "आता सगळ्यांका कळतला."

"येता गो. कशाक भियातंस?" असं मी म्हटलं खरं, पण सुईत दोरा ओवत, तिच्याकडे न बघता.

संध्याकाळी विश्वेश घरी आला तो मिठाईचा पुडा घेऊन. ऑफिसात सगळ्यांनी अभिनंदन केलं म्हणे. मी त्याला अंतिम फेरीचं सांगितलं, तर त्याने क्षणभर डोकं खाजवलं आणि म्हणाला, "त्यात काय आसा? पाच-सहा विषय तयार करून घेवया. माझी आई, माझी शाळा, पावसाळा, पर्यावरण. त्यातलोच खंयचो तरी येतलो."

"आणि नाय इलो तर?"

"तू आधीच अपशकुन करू नको."

झालं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात पाठांतर सुरू झालं. विश्वेश ऑफिसातून आला की चहा बाजूला आणि पोर समोर. "आई ही वात्सल्याची मूर्ती आहे. म्हण." ती म्हणायची. पुढच्या वाक्यावर अडायची. तो पुन्हा सांगायचा. ती पुन्हा म्हणायची, आणि मधेच माझ्याकडे बघायची. त्या बघण्याने माझं कामात लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाचा गळा मी इतका खोल कापला की तिला नवीन कापड आणून द्यावं लागलं. आनंदी रात्री झोपेत दात खायला लागली. सकाळी जेवणाचा डबा अर्धा परत आणायला लागली. मी म्हटलं, ही पोर त्या हॉलमध्ये उभी राहून एका ओळीवर अडली, तर जन्मात परत पेन्सिल हातात धरायची नाही. लोक काय, चार दिवस बोलतील आणि विसरतील. हिला कोण विसरायला लावणार?

म्हणून मीच एक दुपार तिला घेऊन बसले. पाठांतर बाजूला ठेव म्हटलं, तुझं तू लिही. आपल्या कलमांबद्दल लिही. तिने लिहिलं, 'हापूसचे कलम हे एक झाड आहे.' मग विचारलं, "बरोबर आसा?" मी म्हटलं, बरोबर, पुढे. तिने ते खोडलं. पुन्हा तेच लिहिलं. पुन्हा विचारलं, "बरोबर आसा?" खोडरबराने कागदाला भोक पडलं तरी गाडी त्या एका झाडापुढे जाईना. मी तडतडले. म्हटलं, एवढं बोलतेस दिवसभर, तेव्हा तोंड दुखत नाही, आणि चार ओळी लिहायला सांगितल्या तर हात मोडतो? तिचे डोळे भरले. मग मलाच रडू आलं आणि मी भाजी निवडायला उठून गेले.

तिची वर्गशिक्षिका, नम्रताबाई, ब्लाउजच्या मापाला आली तेव्हा मी टेप तिच्या खांद्यावर धरून तशीच उभी राहिले. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, हिला सगळं माहीत आहे आणि ही मुद्दाम आली आहे.

"किशोरीताई, आनंदी वर्गात गप्प असते हल्ली," ती म्हणाली. "घरी काय चाललंय?"

"तयारी," मी म्हटलं.

ती हसली. "तयारी करू नका फार. तिला बोलायला लावा. जे बोलेल तेच लिहायला सांगा, ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत. आणि चुका लगेच दाखवू नका. रोजच्या कामातलं काहीतरी लिहू दे. बाजारातून काय आणायचं, कोणाला काय निरोप द्यायचा." मग आरशात बघत म्हणाली, "बाही जरा लांब ठेवा हं." बस्स, एवढंच बोलली. मी सुटले.

मी ते करून बघायचं ठरवलं. फ्रिजवर एक कागद चिकटवला आणि आनंदीला म्हटलं, उद्यापासून पप्पांना बाजारचा निरोप तू लिहायचा. मला वाटलं दोन शब्द लिहील. दुसऱ्या दिवशी तिने लिहिलं होतं: 'पप्पा, बांगडे आणू नको. काल पण बांगडे, परवा पण बांगडे. आजो काय बोलत नाय पण तो काटे मोजता.' मी वाचलं आणि एकटीच हसले. माझे सासरे खरंच बांगड्याचे काटे ताटाच्या कडेला एका ओळीत लावून ठेवतात. घरात कोणी ते बोलून दाखवलं नव्हतं.

विश्वेशने तो कागद बाजारातून परत आणला तेव्हा त्यावर लाल पेनाने गोल होते. 'आणू नको' च्या जागी 'आणू नका'. 'बोलत नाय' च्या जागी 'बोलत नाहीत'. तळाशी 'अक्षर छान' असा शेरा.

आनंदीने तो कागद वाचला आणि फ्रिजवर परत चिकटवला नाही.

त्या संध्याकाळी मी विश्वेशला अशी काय फैलावर घेतली की सासरे दारापुढच्या खळ्यातून उठून बाहेर गेले. मी म्हटलं, पोर पहिल्यांदा आपणहून चार ओळी लिहिते, आणि तू तिच्या वाक्यांना आपल्या ऑफिसचा शिक्का मारतोस? तुला बांगडे नको कळलं की नाही कळलं? तो म्हणाला, चूक ती चूक. मी म्हटलं, चुकीची एवढी चाड होती तर तो निबंध कोणी लिहिला? त्याने तोंड असं केलं की मला आधी वाईट वाटलं आणि मग आणखी राग आला. पण लाल पेन मी त्याच्या खिशातून काढून माझ्या कात्रीच्या डब्यात टाकलं, ते टाकलंच.

पुन्हा लिहायला लागायला तिला बरेच दिवस लागले. मी लिही म्हणणं सोडून दिलं. शिवता शिवता नुसतं विचारायचे, आज काय झालं गो? मग ती सांगायची. वांदरांच्या टोळीने नाना परबांच्या अंगणात ऊन दाखवायला घातलेली गेल्या वर्षीची कोकमाची सोलं कशी पळवली, आंबट लागली म्हणून कशी थुंकली, आणि एक म्हातारा वांदर कसा तरीही खात बसला. मी हसून हसून म्हटलं, "ह्याच लिव."

"ह्या मालवणीत आसा. निबंधात मालवणी चालणा नाय."

"निबंध कोण म्हणता? माका वाचूक लिव."

तिने अर्धं पान लिहिलं. बरोबर आसा काय, असं एकदाही विचारलं नाही. मी ते वाचलं, मान हलवली, आणि पुढचं बटण लावलं. आतून मला नाचावंसं वाटत होतं. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर पुन्हा तेच. अर्धं पान घरात लिहिलं म्हणून काय झालं? तिथे हॉल असेल, माणसं असतील, घड्याळ असेल, आणि सगळे तिच्याकडून त्या विपुल वनश्रीची वाट बघत असतील. ही वांदरं घेऊन उभी राहिली तर आधीचा निबंध कोणाचा, ते शेंबड्या पोराला कळेल. आणि वनश्री घेऊन उभी राहायला गेली तर अडेल. दोन्हीकडून मरण. एकदा मनात आलं, ताप आला म्हणून कळवून टाकावं. आनंदीलाच विचारलं, जायचं नसेल तर नको जाऊ. तिने मान हलवली.

"गेलंय नाय तर तो निबंध माझोच ऱ्हवतलो," ती म्हणाली. मला त्याचा अर्थ तेव्हा नीट लागला नाही.

स्पर्धेच्या सकाळी सासऱ्यांनी तुळशीपुढे नारळ ठेवला. आमच्याकडे कुठल्याही कामाला निघताना गाऱ्हाणं घालतात. नवी गाडी असो, परीक्षा असो, कोणाचं लग्न ठरो. घरातला मोठा पुरुष देवाशी मोठ्याने बोलतो, आणि त्याने एकेक मागणं मागितलं की बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. म्हटल्याशिवाय तो पुढे जात नाही. आनंदी बोलायला लागली तेव्हापासून ह्या कामात तिचा आवाज सगळ्यात मोठा.

"बा देवा म्हाराजा," सासऱ्यांनी सुरू केलं. "आज आमचा चेडू लिवक जाता. तेच्या पाठीशी उभो ऱ्हव. काय आडमेळो येत आसात तो दूर कर. काय चूकभूल झाली आसात ती पोटात घाल रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हटलं. विश्वेश घड्याळ बघत होता.

"आजो, खंयची चूकभूल?" आनंदीने विचारलं.

"जी काय आसात ती. नाव घेवक होया असा नाय."

"आणि नाव घेतला तर?"

"तर बराच," सासरे म्हणाले आणि नारळ फोडला.

हॉलमध्ये मुलांना पुढे बसवलं, आम्हाला, सासऱ्यांना आणि नम्रताबाईंना मागे खुर्च्यांवर. फळ्यावर विषय लिहिला: 'माझे मागणे'. विश्वेशने माझा हात घट्ट दाबला. "हो आपण केलेलोच नाय," तो कुजबुजला.

बाकीची मुलं लिहायला लागली. संचिता तर अशी सुटली की कागद पुरेल की नाही असं वाटलं. आनंदी नुसती बसली होती. पेन्सिल हातात, नजर खिडकीबाहेर. विश्वेश म्हणाला, "मी जरा तिच्याजवळून जाऊन येतंय. पाणी देवक म्हणान." मी त्याच्या शर्टाची बाही धरली. म्हटलं, उठलास तर बघ. तो बसला. मी देवाला म्हणत होते, एक ओळ तरी लिहू दे रे, एकच. नंबर नको, काही नको. कधीतरी माझे डोळे मिटले असावेत. उघडून बघते तर आनंदी वाकून लिहीत होती, जीभ ओठाच्या कोपऱ्यात धरून, जशी ती वांदरांचं लिहिताना धरते. खोडरबर बाकावर तसंच पडलं होतं.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट नवीनच धसका घेतला. लिहिते आहे, पण काय लिहिते आहे?

वाचन सुरू झालं. संचिताने भारतमातेकडे मागणं मागितलं, मधे दोनदा अडली, आणि दोन्ही वेळा अक्षयाचे ओठ मागून हलताना मी पाहिले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग पुकारा झाला, "गेल्या फेरीतली आपली पहिली विद्यार्थिनी." आनंदी पुढे गेली. कागद दोन्ही हातांनी छातीपुढे धरला.

"बा देवा म्हाराजा," तिने वाचलं.

हॉल हसला. गाऱ्हाणं घालणं पुरुषांचं काम, आणि ही दोन वेण्यांची पोर. पण मागच्या रांगेत दोन-चार म्हातारे होते, त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "व्हय म्हाराजा." सासरे माझ्या शेजारी ताठ झाले.

"आज मराठीचो दिवस म्हणान आमी सगळी पोरां हयसर लिवक बसलंव. तू आमच्या पाठीशी उभो ऱ्हव म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आता जास्त जण होते.

"आमच्या कलमांका मोहोर इलो आसा. तो धुक्यान काळो पडाक देव नको. वांदरांका रानातच पोटभर खावक दी, म्हणजे ते आमच्याकडे येवचे नाय."

"व्हय म्हाराजा." ज्यांच्या ज्यांच्या बागा होत्या ते सगळे ओरडले.

"माझ्या आईक सारखी काळजी लागता. ती निम्मी कर. सगळी नको, नायतर तिका चुकल्यासारखा वाटात."

लोक हसत होते आणि वळून मला शोधत होते. मी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, झालं, संपलं, आता बस खाली माझ्या बाये. पण तिने कागद उलटला.

"आता चूकभूल," तिने वाचलं, आणि आवाज बारीक झाला. "पयलो जो निबंध नंबरात इलो तो माझो न्हय. तो पप्पांनी लिवल्यानी, मी फकस्त उतरान काढलंय. सगळ्यांनी माझा कौतुक केल्यानी तेव्हा मी गप ऱ्हवलंय. ती चूक पोटात घाल रे म्हाराजा."

कोणी काही म्हटलं नाही.

पुढे बसलेले परीक्षक कागदात बघत होते. अक्षया आपल्या चपलेकडे बघत होती, आणि एकट्या तिचंच नव्हतं, अख्ख्या हॉलमधल्या आईबापांच्या माना खाली होत्या. आनंदी थांबली होती. गाऱ्हाण्याला मागून होकार आल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. ती ओळीवर बोट ठेवून उभी होती. माझी पोर तिथे एकटी उभी होती आणि मला दोन शब्द बोलता येत नव्हते.

विश्वेश उठून उभा राहिला. मला वाटलं, हा आता बाहेर जाणार. त्याने समोरच्या खुर्चीची पाठ धरली. ऑफिसात भाषणं लिहून देणारा माणूस, स्वतः कधी माईकसमोर गेलेला नाही.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला. आवाज फाटला त्याचा.

मग सासरे म्हणाले. मग मागचे म्हातारे. मग नम्रताबाई. मग कुठूनतरी अक्षयाचाही आवाज आला, बारीक.

आनंदीने नाकाने एक मोठा श्वास घेतला.

"पप्पांचो राग करू नको. तेंका लिवची हौस आसा. मोठ्या माणसांची पण एक स्पर्धा ठेवची बुद्धी वाचनालयाक दी म्हाराजा."

ह्या वेळी हॉल एवढ्या मोठ्याने 'व्हय म्हाराजा' म्हणाला की बाहेर रस्त्यावरची माणसं दारात येऊन उभी राहिली. विश्वेश हसतही होता आणि रुमालाने डोळेही पुसत होता.

"आणि ह्या जा काय आज लिवलंय, ता माझा मी लिवलंय. कोणी सांगूक नाय. वाकडातिकडा आसात, पण माझा आसा. ता मान्य करून घे म्हाराजा."

तिने कागद खाली केला आणि सरळ माझ्याकडे बघितलं. तीच नजर, रोज पाठांतराच्या वेळी मशीनकडे वळायची ती. पण ह्या वेळी तिला काही विचारायचं नव्हतं. ती नुसती थांबली होती.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं, सगळ्यांच्या आधी.